कधीमधी

बायको: नर्सनं विचारलं तर काय म्हणणार, ते परत एकदा म्हणून दाखवा.

वायरमन: अगं, सकाळपासून चौथ्यांदा!

बायको: मग पाचव्यांदा. ती अकराला येते म्हणालीय आणि साडेदहा वाजून गेले. समजा मी नर्स आहे. भाऊ, लघवीवर ताबा आहे का?

वायरमन: नर्स एवढी ओरडत नव्हती.

बायको: उत्तर द्या.

वायरमन: नाही. ताबा नाही. झालं समाधान?

बायको: माझ्या तोंडावर बरोबर म्हणता. ती समोर बसली की दातखीळ बसते तुमची. मागच्या वेळी मी इथंच उभी होते, या दाराला टेकून. तिनं विचारलं, असं किती वेळा होतं, आणि तुम्ही नवरदेवासारखे ताठ बसून म्हणालात, ‘कधीमधी.’ सर्दी होते तसं! तिनं त्या ‘कधीमधी’च्या चौकोनात खूण केली आणि पंधरा दिवसांत घरी पत्र. ‘रुग्णास गरज कधीमधी असल्याने डायपरचा पुरवठा मंजूर करता येत नाही.’

वायरमन: पत्र पाठ झालंय तुला.

बायको: होणारच. काज-बटणाच्या मशीनवर बसले की तेच डोक्यात घुमतं. बरं, मी मध्ये बोलायला गेले तर म्हणाली, वहिनी, रुग्ण शुद्धीवर आहे, बोलू शकतो, तर उत्तर त्याचंच धरायचं, नियम आहे. म्हणजे बदलते मी, धुते मी आणि साक्ष तुमची!

वायरमन: बोलता बोलता जरा कूस बदलून दे. डाव्या खांद्याला रग लागलीय.

बायको: या. हात टाका गळ्यात. हं. एक, दोन... थांबा, हलू नका. बघू दे पाठ.

वायरमन: काय म्हणते?

बायको: जखम परत उघडलीय. काल सदऱ्याच्या बटणाएवढी होती, आज कोटाच्या बटणाएवढी आहे. त्या कापडी घड्यांनी होतंय हे. कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या शिवते मी, कितीही मऊ शिवल्या तरी ओलं धरून ठेवतात आणि शिवण टोचते. तुम्हाला कळत नाही म्हणून बरं.

वायरमन: हा एक फायदा आहे खरा. खालच्या मजल्यावर लाईन बंद, त्यामुळे शॉकही नाही.

बायको: विनोद नका करू. मला आज सहन होणार नाही. चार डायपर उरलेत घरात. चार! आणि हात नुसते शिवशिवतायत माझे.

वायरमन: कशाला?

बायको: फरशी पुसायला. लेक शाळेत जाताना बजावून गेली, आई, आज फिनेल नाही, पावडर नाही, गॅलरीतलं काही आवरायचं नाही, घर जसं असतं तसं तिला दिसू दे. मागच्या वेळी मी सगळं असं लखलखीत केलं होतं, की नर्सला वाटलं असेल इथं कोणी आजारीच नाही. म्हणून आज रजा टाकून बसलेय हात बांधून. पण ती येणार आणि मी अशीच! कसंतरीच होतंय.

वायरमन: झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तूच म्हणतेस नेहमी.

बायको: मूठ झाकता येते हो, अंथरूण झाकता येत नाही. आणि ही बघा खिडकीतली कोरफड. हिच्यासाठी तरी उठते.

वायरमन: तिला काय झालं आता?

बायको: बुडाशी मऊ पडलीय. पानं बघा कशी पिवळी, पांगुळल्यासारखी. मी तर महिनाभर पाणी दाखवलेलं नाही हिला. ऊन लागतं, वारा लागतो, तरी सडतेय. कीड असेल. टाकून देऊ का?

वायरमन: राहू दे तिथंच.

बायको: अहो, नर्सला पहिल्यांदा तीच दिसेल.

वायरमन: राहू दे म्हणतो ना! तू सकाळी आठला जातेस, लेक शाळेत. दुपारपर्यंत मला सोबत कोण? ती आणि ही पाण्याची बाटली.

बायको: बरं बाई, राहू दे. बाटली संपवलीत ना? दाखवा. हां, शहाणे. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं तुम्ही पिता, त्यातल्या त्यात एवढंच माझं ऐकता. तरी दोनदा ताप कसा भरला कोण जाणे.

वायरमन: दार वाजलं.

बायको: आली! लवकर आली. माझे केस... जाऊ दे केस. अहो, ‘नाही’ म्हणायचं. लक्षात ठेवा. या, या सिस्टर, या.

नर्स: तुमच्या इमारतीची लिफ्ट मागच्या वेळीही बंद होती, आजही बंद. माझा गुडघा तिसऱ्या मजल्यापर्यंत शिव्या देत आला.

वायरमन: दुरुस्तीवाल्याला बोलावतात, तो वायर न बघता नुसतं ग्रीस लावून जातो. मला दहा मिनिटं मशिनरूममध्ये नेऊन बसवा, चालू करून देतो.

नर्स: तुम्हाला न्यायला लिफ्ट लागेल, भाऊ.

वायरमन: तिथंच तर घोडं अडलंय.

बायको: सिस्टर, बसा. पाणी देऊ? खुर्ची पुसून... नाही, बसा तशाच.

नर्स: पाणी नंतर. आधी फाइल. तीन वर्षांपूर्वी दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडले. मणक्याला मार. कमरेखाली जाणीव नाही. आधी लघवीची नळी होती, ती सारखी जंतुसंसर्ग होतो म्हणून काढली. वर्षात दोनदा ताप येऊन दवाखान्यात दाखल. बरोबर?

वायरमन: बरोबर.

नर्स: आणि गेल्या भेटीत तुम्ही मला सांगितलंत ‘कधीमधी’. मी तुमच्या तोंडचंच लिहिलं होतं. माझ्यावर राग असेल तर आधीच सांगते.

बायको: राग कशाला? म्हणजे... होता थोडा. खोटं कशाला बोलू.

नर्स: असू दे. फेरअर्जासोबत तीन दिवसांचा तक्ता भरायला सांगितला होता. भरलात?

बायको: हो तर! हा बघा. लेकीनं पट्टी घेऊन रेघा मारल्या, मी भरला. रोजच्या रोज, वेळेसकट. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

नर्स: अक्षर छान आहे. पाणी, सकाळी एक बाटली. दुपारी एक बाटली. संध्याकाळी चार पेले. हं. डायपर, दिवसाला दोन. आणि हा शेवटचा रकाना, कपडे किंवा चादर ओली झाली का. कोरा. तिन्ही दिवस कोरा.

बायको: हो.

नर्स: वहिनी, हा तक्ता मी वर पाठवला तर तुमचा अर्ज इथंच संपेल.

बायको: का? सगळं तर लिहिलंय!

नर्स: म्हणूनच. एवढं पाणी पिणारा माणूस दिवसाला दोन डायपरमध्ये भागवतो आणि चादर तीन दिवस कोरडीठाक. याचा अर्थ सरळ आहे, यांना थोपवून धरता येतं. ताबा आहे. वरच्या टेबलावरचा माणूस तुमच्या घरी येत नाही, तो फक्त हे वाचतो.

बायको: ताबा आहे? यांना? सिस्टर, मी काल रात्री दोनदा चादर बदलली!

नर्स: मग इथं लिहिली का नाही?

बायको: कारण ओली ठेवत नाही मी. झाली की ओढून काढते, धुते, दुसरी घालते. आमच्या घरात ओली चादर आजपर्यंत कोणी बघितलेली नाही.

नर्स: चादर ओली झाली का, एवढंच विचारलंय. ओली ठेवलीत का, असं नाही. वाळत कुठं घालता?

बायको: आत, न्हाणीघरात.

नर्स: गच्ची आहे ना?

बायको: गच्चीवर चार माणसं येतात. रोज एकाच घरच्या तीन तीन चादरी दिसल्या की विचारतात. आधी चादरीचं विचारतात, मग माणसाचं.

नर्स: ठीक आहे. चादरीचं समजलं. पण पाण्याचं काय? दोन बाटल्या आणि वर चार पेले. चादरी धरल्या तरी हे बसत नाही. वीस वर्षं करतेय मी हे काम. एवढं आत गेलं तर बाहेर कुठं आहे?

बायको: पाणी मी माझ्या डोळ्यांनी बघते. सकाळी बाटली भरून यांच्या हाताशी ठेवते आणि आठला जाते. जेवणाच्या सुट्टीत धावत येते तेव्हा ती रिकामी असते. दुसरी भरून ठेवते, संध्याकाळी येते तेव्हा तीही रिकामी.

नर्स: पिताना बघितलंत?

बायको: पिताना कशी बघणार? मी कामावर असते. पण घरात दुसरं आहे कोण पाणी प्यायला?

नर्स: हे बघा, मी कोणावर आरोप करत नाही. माणसं तक्त्यात वाढवून लिहितात, घाबरून लिहितात. पण एकदा का वरून ‘माहिती विश्वासार्ह नाही’ असा शेरा आला, तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून विचारते, वहिनी, पाण्याचं खरं लिहिलंय ना?

बायको: म्हणजे मी खोटारडी?

नर्स: मी तसं म्हटलं नाही.

बायको: तसंच म्हणताय! सुईला सुद्धा हात लावायच्या आधी विचारून लावणारी बाई मी. कारखान्यात माझ्या गठ्ठ्याची मोजणी कोणी परत करत नाही. आणि इथं माझ्याच घरात, माझ्याच नवऱ्यासमोर... अहो, तुम्ही का गप्प? सांगा ना यांना!

वायरमन: काय सांगू?

बायको: बोला की काहीतरी! एरवी तर तोंडाचा पट्टा चालू असतो.

नर्स: राहू द्या, वहिनी. रडू नका. मी तक्ता आज नेत नाही, मग तर झालं? दोन दिवस विचार करा. मी... अरे! ही कोरफड कोणी मारली?

बायको: कोरफडीचं काय घेऊन बसलात आता!

नर्स: माझ्या गॅलरीत सहा कुंड्या आहेत हिच्या. ही अशी मरत नाही. महिनोन्‌महिने विसरलं तरी जगते. हिला मारायचं तर एकच उपाय, रोज पाणी. बोट घाला, वहिनी. चिखल आहे नुसता. खालच्या बशीत बघा, काठोकाठ.

बायको: मी घालत नाही.

नर्स: मुलगी घालत असेल.

बायको: तिला झाडं आवडत नाहीत. आणि कुंडी तर यांच्या उशाशी... 

नर्स: वहिनी?

बायको: अहो.

वायरमन: हं.

बायको: माझ्याकडे बघा. खिडकीकडे नका बघू, माझ्याकडे बघा. ती बाटली.

वायरमन: उन्हाळ्यात तिला तहान लागली असेल असं वाटलं मला.

बायको: एक दिवस वाटलं असेल. रोज?

वायरमन: सिस्टर, ते मगाचं तेवढं मागे घ्या.

नर्स: कोणतं?

वायरमन: तिला जे विचारलंत ते. तिनं तक्ता खरा भरलाय. बाटली रिकामी बघितली, रिकामी लिहिली. लबाडी मी केली. दोन घोट घेतो, तोंड ओलं करतो आणि बाकीचं कुंडीत, कुंडीत मावेना तेवढं खिडकीबाहेर. संध्याकाळचे चार पेले, त्यातला एक पितो. ती आत गेली की बाकीचे खिडकीबाहेर.

नर्स: किती दिवस?

वायरमन: वर्ष होईल आता.

बायको: वर्ष!

नर्स: आणि माझ्या गेल्या भेटीच्या दिवशी?

वायरमन: आदल्या दिवशी दुपारपासून थेंब घेतला नव्हता. म्हणून तर तुमच्यासमोर दोन तास कोरडा बसलो. ‘कधीमधी’ म्हणालो तेव्हा जीभ टाळ्याला चिकटली होती.

बायको: आणि मी! मी त्या डॉक्टरशी भांडले! एवढं पाणी पितात, तरी ताप येतोच कसा, तुमचं औषधच बरोबर नाही, असं म्हणाले त्यांना, अख्ख्या वॉर्डासमोर. मग मला वाटलं पाणीच वाईट. तेव्हापासून पहाटे उठून पाणी उकळते, गार करते, दुहेरी फडक्यातून गाळते. कोणासाठी? कोरफडीसाठी!

वायरमन: म्हणून तर ती एवढे दिवस टिकली.

बायको: हसू नका! मी खरंच सांगते, आज हसलात तर या घरातून निघून जाईन मी. थरथरत होतात तापानं. दात वाजत होते. लेक तुमचे पाय धरून बसली होती, तिला वाटलं बाबा चालले. आणि तुम्हाला माहीत होतं, का होतंय ते!

वायरमन: माहीत होतं.

बायको: मग का?

नर्स: वहिनी, जरा बसा. भाऊ, का ते मलाही ऐकायचंय. फॉर्मसाठी नाही. पेन खाली ठेवलंय बघा.

वायरमन: एक मित्र आहे माझा. लंबू म्हणतो आम्ही त्याला. बारा वर्षं एका शिडीवर काम केलं, मी वर, तो खाली. त्या दिवशीही शिडी त्यानंच धरली होती, फरशी ओली होती, त्याचा दोष नाही. पण तो तसं मानत नाही. दर रविवारी येतो.

बायको: लंबूचं काय मध्येच?

वायरमन: मागच्या वर्षी आला होता एका रविवारी. तू चहा देऊन आत गेलीस. मी खुर्चीत होतो. आमच्या गप्पा चालल्या होत्या आणि मला दिसलं, त्याची नजर एकदा खाली गेली आणि वर आली. मी खाली बघितलं. पँट भिजली होती, खुर्चीखाली फरशीवर थारोळं. मला काही कळलंच नव्हतं. तेवढ्यात तू आतून बाहेर यायला लागलीस, तुझ्या मागोमाग लेक. आणि लंबूनं काय केलं, हातातला चहाचा कप सरळ माझ्या मांडीवर उपडा केला. ‘अरे, सांडला रे, माझ्या हाताला काय झालंय!’ असं म्हणून स्वतःच फडकं घेऊन पुसायला लागला.

बायको: तो चहा... मी ओरडले होते त्याला. माणूस भाजला असता म्हणून.

वायरमन: तो खाली मान घालून ऐकत होता तुझं. पुसत होता. सगळं पुसलं त्यानं. चहा आणि... सगळं. हसला असता तर मला चाललं असतं. शिवी दिली असती तर त्याहून चाललं असतं. पण त्यानं सांभाळून घेतलं ना, ते मला नाही झेपलं. त्या दिवशी ठरवलं. टाकीत पाणीच नसेल तर नळ गळेल कसा?

नर्स: आणि किडनी?

वायरमन: तिचा विचार नाही केला.

बायको: आमचा?

वायरमन: तुझा केला. तू चादर न्हाणीघरात वाळत घालतेस, दार लावून. मला इथून पिळल्याचा आवाज येतो. म्हटलं, एक चादर तरी कमी.

बायको: मी दार लावते ते तुमच्यासाठी! लोकांनी तुमच्याबद्दल बोलू नये म्हणून. मला धुण्याचा कंटाळा आलाय असं कधी म्हटलं मी? तोंड शिवून घेतलं, पण असं म्हटलं?

वायरमन: नाही म्हटलंस.

बायको: मग तुम्ही परस्पर कसं ठरवलंत?

नर्स: तास होऊन गेला. मला अजून दोन घरं आहेत. भाऊ, आता मी पेन उचलते. वहिनींना आत जायला सांगू का? तुम्हाला सोपं जाईल.

वायरमन: नको. राहू दे तिला इथंच. धुणारीला माहीत नाही असं काय आहे त्यात.

नर्स: लघवीवर ताबा आहे का?

वायरमन: खालची लाईन मेली, पण नळ चालू...

नर्स: असं मला लिहिता येणार नाही.

वायरमन: नाही. ताबा नाही.

नर्स: शौचावर?

वायरमन: त्यावरही नाही.

नर्स: किती वेळा होतं?

वायरमन: किती वेळा ते मला सांगता येणार नाही, कारण होतं तेव्हा मला कळत नाही. वास आला की कळतं. कधी तिच्या चेहऱ्यावरून कळतं. ती काही बोलत नाही, पण नाकाचा शेंडा जरासा हलतो तिचा. तो हलला की समजायचं.

बायको: हलत नाही माझा.

वायरमन: हलतो.

नर्स: ‘स्वतःला जाणीव होत नाही. सतत.’ ‘सतत’च्या चौकोनात खूण केली. जखम बघू द्या पाठीवरची. वळवा, वहिनी. हं... ही ओलाव्याचीच आहे. ही पण लिहिते. कधीपासून?

बायको: भरते आणि परत उघडते. तीन महिने.

नर्स: मागच्या वेळी दाखवली नाहीत.

बायको: मागच्या वेळी पावडर लावून, इस्त्रीचा सदरा घालून बसवलं होतं मी. माझंच चुकलं. माझंही चुकलं.

नर्स: इथं सही करा, भाऊ. आता ऐका. हा जुना तक्ता मी फाडते. तुम्ही नवा भरायचा. आज शुक्रवार. आज दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत. जेवढं पाणी पोटात गेलं तेवढंच लिहायचं आणि जेवढं सांगितलंय तेवढं पोटात घालायचं. जेवढ्या चादरी ओल्या होतील तेवढ्या लिहायच्या. सोमवारी येऊन घेऊन जाते.

वायरमन: रविवारी लंबू येतो.

नर्स: तक्त्याला रविवार नसतो, भाऊ.

बायको: पण सिस्टर, डायपर चारच आहेत. खरं पाणी प्यायले तर उद्या दुपारी संपतील. मग?

नर्स: माझ्या पिशवीत असते तर दिले असते. नाहीत. संपले तर ‘संपले’ म्हणून लिहा. नंतरच्या प्रत्येक चादरीची ओळ लिहा. वरच्या माणसाला तेच वाचू दे.

बायको: मंजूर होईल ना?

नर्स: माझ्या सहीनं होत नाही, वहिनी, तेव्हा वचन देत नाही. पण खरा तक्ता असला की मला तुमच्या बाजूनं भांडता येतं. खोट्यावर मी काय भांडू? आणि हो, ही कोरफड उपटा, चिखल टाका, दोन दिवस मुळं वाळू द्या आणि कोरड्या मातीत लावा. मधला कोंब हिरवा आहे अजून. येते मी.

बायको: जपून उतरा. गुडघा सांभाळा.

वायरमन: गेली?

बायको: गेली.

वायरमन: बोलणार आहेस का माझ्याशी?

बायको: नाही.

वायरमन: बरं.

बायको: वर्षभर! शेजारच्या माणसाला कळलं नाही, ठीक आहे. एका खोलीत झोपते मी तुमच्या. ओठ फुटायचे तुमचे, मी त्यावर तूप लावायचे. हवा कोरडी आहे म्हणायची. मूर्ख बाई.

वायरमन: मूर्ख तू नाहीस.

बायको: मग कोण?

वायरमन: मी. काय म्हणशील ते मान्य आहे. ए, ऐक ना. रविवारी लंबूला चहा कर.

बायको: करतेच की दर रविवारी.

वायरमन: आणि त्याला सांग... नाही, मीच सांगतो. परत कप उपडा करायचं कारण नाही म्हणून. दिसलं तर म्हणावं, ‘दिसतंय रे, वहिनीला हाक मार.’ एवढंच.

बायको: सांगाल?

वायरमन: आजच एक बाई तीन मजले चढून आली, तिला सांगितलं. तो तर माझाच माणूस आहे.

बायको: चादरी गच्चीवर घालते मग. निदान तीन दिवस. न्हाणीघरात वाळतच नाहीत धड, कुबट वास येतो.

वायरमन: विचारतील लोक.

बायको: विचारू देत. सांगेन, नवऱ्याच्या आहेत. चोरीच्या नाहीत.

वायरमन: पाणी दे.

बायको: कोणाला? कोरफडीला?

वायरमन: मला गं.

बायको: हे घ्या. आणि मी हलणार नाही इथून, पेला रिकामा होईपर्यंत. बाटलीवर विश्वास नाही आता माझा. हळू. हळू, ठसका लागेल. एवढी तहान होती?

वायरमन: गार आहे. गाळलेलं आहे ना हे?

बायको: दुहेरी फडक्यातून. आणा तो पेला. कागद कुठं गेला... हं. बारा वाजून दहा मिनिटं. पाणी, एक पेला.

वायरमन: एक नको. अजून एक भर आणि दोन लिही.